मयताचा अंगठा

मी मेलेलो असताना माझ्या पायाचा अंगठा हलला, हे कोल्हापुरातल्या सगळ्या नाटकवाल्यांना माहीत आहे. तो मी मुद्दाम हलवला, हे कुणालाच माहीत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता लिहूनच टाकतो. चूक माझी होती. गुदगुल्या वगैरे काही झाल्या नव्हत्या.

मरण अर्थात नाटकातलं होतं. मी विमा एजंट आहे आणि संध्याकाळी हौशी नट. दिवसभर लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून द्यायची आणि संध्याकाळी स्वतः मरून दाखवायचं, असा माझा एकूण दिनक्रम होता. होता म्हणतो, कारण सध्या आमच्या संस्थेत मी पडदा ओढतो. ते का, हे पुढं येईलच.

आमच्या संस्थेची जागा म्हणजे शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या माडीवरची खोली. खाली पोरं जोर मारत असतात, वर आम्ही रडण्याचा सराव करत असतो. आमचे दिग्दर्शक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दरवर्षी हौशी नाटकांच्या स्पर्धेत उतरायचं आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडायचं, हा आमचा शिरस्ता. बाहेर पडलो की मास्तर चहा पाजतात आणि परीक्षकांना अक्कल नाही असं सिद्ध करून दाखवतात. चहा संपेपर्यंत आम्हा सगळ्यांना ते पटलेलं असतं.

मास्तरांचा एक सिद्धांत आहे. नाटक दोन तासांचं असलं तरी बक्षीस दोन मिनिटांना मिळतं. त्या दोन मिनिटांना आम्ही ‘जागा’ म्हणतो. नाटकात अशी एक तरी जागा पाहिजे की ती बघितल्याबरोबर हॉलमधला माणूस शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगेल, ह्याचं बक्षीस पक्कं. पुढं काय होतं, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. अशा जागांचा आम्ही इतका अभ्यास केला होता की तेवढा विम्याच्या परीक्षेचा केला असता तर मी आज विकास अधिकारी असतो. वेड्याचं हसणं आता जुनं झालं. खोकला अजून चालतो, पण रुमालावर रक्त दाखवावं लागतं. आंधळ्याला गुण मिळतात. दारुड्याला मिळत नाहीत, कारण तो अभिनय आहे की सवय, याबद्दल परीक्षकांच्या मनात शंका राहते. पाठमोरं रडणं चांगलं, पण त्याला खांदे हलवता आले पाहिजेत, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांचे खांदे हसल्यासारखे हलायचे. सगळ्यात खात्रीचं म्हणजे मरण. मरणाला तोड नाही.

हे सगळं आम्ही ज्यांच्यासाठी करायचो, ते म्हणजे तीन दिवे. स्पर्धेत परीक्षक हॉलच्या मधोमध टेबल टाकून बसतात आणि लिहायला प्रत्येकासमोर एक छोटा दिवा असतो. रंगमंचावरून बाकीचा हॉल काळोखात असतो. दिसतात ते फक्त हे तीन दिवे आणि त्यांच्याखालचे हात. हात हलला की आपल्याला गुण पडला, असं आम्ही धरून चालायचो. मी आयुष्यात कधीही प्रेक्षकांकडं बघून अभिनय केलेला नाही. बायकोच्या वाक्याला उत्तर देताना, मुलाला घराबाहेर काढताना, देवाला जाब विचारताना माझी नजर त्या तीन दिव्यांवरच असायची.

महापुराच्या आदल्या वर्षी मास्तरांनी जे नाटक लिहिलं, त्यात पहिल्या अंकाच्या शेवटी मी मरायचो. गावातला एक हट्टी म्हातारा, जेवता जेवता जातो. मास्तरांनी एवढंच लिहिलं होतं. ‘जातो.’ एवढ्यावर कोण नट समाधानी राहील? मी त्यात तांब्या घातला. घास हातात असताना कळ येते, हात पाण्याच्या तांब्याला लागतो, तांब्या आडवा होतो आणि घरंगळत घरंगळत रंगमंचाच्या अगदी कडेला जाऊन थांबतो. तांब्या थांबला, की माझा श्वास थांबतो. मास्तरांना हे इतकं आवडलं की त्यांनी मला दोनदा करून दाखवायला लावलं. मग मी महिनाभर घरी तांब्या घरंगळवत बसलो. किती पाणी ठेवलं म्हणजे तो कुठं थांबतो, हे मी पाठ केलं. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी बायकोला एकदा बाजूला घेऊन विचारलं, की घरात सगळं ठीक आहे ना.

आता नाटकात जी माझी बायको झाली, तिच्याबद्दल. आमच्याकडं बायकांच्या भूमिकांना बायका मिळत नाहीत, ही जुनी रड. मास्तर लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानात जोंधळा आणायला गेले होते. तिथं त्यांनी तिला एका गिऱ्हाइकाला झापताना ऐकलं. ती आवाज चढवत नव्हती, उलट बोलता बोलता खाली आणत होती, आणि दुकानातली सगळी माणसं, हमालसुद्धा, गप्प उभी होती. मास्तर जोंधळा तिथंच विसरले आणि तिला नाटकात काम करणार का, म्हणून विचारून आले.

ती त्या दुकानदाराची बायको. माहेर नेसरीकडचं, घर लिंगायतांचं, निम्मं बोलणं कानडी, निम्मं मराठी. वयानं माझ्याहून थोडी लहान, पण आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. नवऱ्याची हरकत नव्हती. कुठल्याच गोष्टीला हरकत घेण्याइतका तो बोलायचाच नाही. दुकान खऱ्या अर्थानं चालवायची तिची सासू, जिला ती कानडीत अत्ती म्हणायची. अत्तीनं सरळ व्यवहार केला. ह्या वर्षी कर. बक्षीस घेऊन आलीस तर दरवर्षी संध्याकाळी गल्ल्यावर मी बसते. न्हाय मिळालं तर हे खूळ बंद, परत नाव काढायचं न्हाय. आम्हाला हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिला नाटक करायचं होतं. आमच्यासारखं गुण मिळवायला नाही. तिला ते करताना बरं वाटायचं, आणि हे तिच्या तोंडावर दिसायचं. असं माणूस आमच्या माडीवर त्याआधी आलेलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात मी मेलेला असायचो आणि ती, म्हणजे माझी बायको, माझ्या मयताजवळ एकटी बोलायची. मास्तरांनी मला पांढऱ्या चादरीखाली झोपवायचं ठरवलं होतं. सरावाच्या वेळी ती म्हणाली, आमच्यात मयत झोपवत नाहीत, बसवतात. तिचे वडील गेले तेव्हा त्यांना भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती लावून, आता उठून बोलतील असे. भजनवाले यायचे होते. तेवढ्यात तिच्या आईचं लक्ष वडिलांच्या पायाकडं गेलं. नखं वाढली होती. आईनं ब्लेड आणलं, पाय मांडीवर घेतला आणि नखं काढायला बसली.

मास्तरांनी विचारलं, तुमच्यात असं करतात का?

“करत न्हाईत,” ती म्हणाली. “आईनं केलं. लोकं येणार हुती म्हणून.”

खाली तालमीत कुणीतरी जोरात दंड थोपटला, तेवढाच आवाज. मास्तरांनी चादर बाजूला फेकली आणि मला खुर्चीवर बसवलं.

मला आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. चादरीखाली झोपून राहण्यापेक्षा रंगमंचाच्या मधोमध, प्रकाशात, तोंड समोर करून बसायला मिळणार होतं. माझ्या मते तो प्रसंग माझा होता. ती जमिनीवर बसायची, मी खुर्चीवर. उंचीनंसुद्धा मीच वर. फक्त मला काही करायचं नव्हतं, ही बारीक अडचण होती. पण मी मनाशी म्हटलं, न करण्यातसुद्धा एक अभिनय असतो. मी आरशासमोर मेलेला चेहरा बसवला. बायको म्हणाली की हा चेहरा ती दर रविवारी दुपारी बघते.

स्पर्धेच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला होता. तालमीची पोरं बाल्कनीत होती, कारण पास आम्हीच दिले होते. अत्ती तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून बसली होती. नवऱ्यानं दुकान लवकर बंद केलं होतं.

पहिल्या अंकाच्या शेवटी मी मेलो. कळ चांगली आली. तांब्या आडवा झाला, घरंगळला, कडेला गेला, आणि थांबला नाही. नाट्यगृहाचा रंगमंच आमच्या फरशीपेक्षा पुढं उतरता निघाला. तांब्या ठणठणत खाली प्रेक्षकांत गेला. मी एक हात छातीवर ठेवून श्वास थांबवायची वाट बघत होतो, कारण तांब्या थांबल्याशिवाय मला मरता येत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक सज्जन वाकले, त्यांनी तांब्या उचलला आणि उठून माझ्यासमोर रंगमंचावर आणून ठेवला. ठेवताना हळूच म्हणाले, “हे घ्या, पडला होता.” आता मरणाऱ्या माणसानं काय करावं? मी डोळ्यांनीच आभार मानले आणि मेलो. पडदा पडला तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली होती.

मध्यंतरात मी रंगपटात जाऊन बसलो. रंगपटवाल्यानं कपाळाला विभूती लावली, तेव्हा माझं कपाळ तापलेलं होतं. महिनाभराची जागा गेली होती. मास्तर येऊन म्हणाले, जाऊ दे गड्या, दुसरा अंक हाय अजून. दुसऱ्या अंकात मी काय करणार होतो? मी मेलेलो होतो.

दुसरा अंक सुरू झाला. मी खुर्चीवर, डोळे मिटलेले, पाय उघडे. मिटलेले म्हणजे पूर्ण मिटलेले नव्हते. पापण्यांच्या फटीतून मला तीन दिवे दिसत होते. हे माझं जुनं कसब.

ती आली. जमिनीवर बसली. मग तिनं माझ्या पायाकडं बघितलं, उठून ब्लेड घेऊन आली, माझा उजवा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, “सोमवारी काढतो म्हणालात. असे किती सोमवार गेले.” दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायची त्याच आवाजात. नखं काढता काढता ती मला रागावत होती. पत्र्याची गळती काढली नाही म्हणून, धाकट्याशी बोलणं सोडलं म्हणून, इतक्या वर्षांत एकदा चहा बरा झालाय म्हणाला नाहीत म्हणून. रडत नव्हती. बोलता बोलता तिचा आवाज खाली खाली येत होता, आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. बाल्कनीतली पोरं, जी राष्ट्रगीतालासुद्धा गप्प राहत नाहीत, ती गप्प होती.

मी फटीतून बघितलं. दिव्यांखालचे तिन्ही हात थांबले होते. मग मधल्या परीक्षक बाईंनी हात लांब केला आणि आपला दिवा बंद केला. नीट बघता यावं म्हणून.

आमच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासात कुणी परीक्षकानं दिवा बंद केल्याची नोंद नव्हती. मला एका क्षणात कळलं. बक्षीस हिचं. पक्कं. शंकाच नाही. मी रंगमंचाच्या मधोमध बसलो होतो, माझा पाय तिच्या मांडीवर होता, सगळा हॉल माझ्या पायाकडं बघत होता आणि मी कुणालाही दिसत नव्हतो. मला माझा तांब्या आठवला. ते सज्जन आठवले. आणि मी अंगठा हलवला.

विचार करून हलवला, असं म्हणणार नाही. पण आपोआप हलला, हे खोटं आहे. मी त्याला हल म्हणालो आणि तो हलला.

बाल्कनीतून तालमीचा एक पोरगा ओरडला, “आरं, म्हातारं जित्तं हाय की.” सगळा हॉल फुटला. अशी हसण्याची लाट मी आयुष्यात ऐकलेली नव्हती. तिच्या हाताला मात्र काही झालं नाही. तिनं माझा अंगठा दोन बोटांत घट्ट धरला आणि उरलेली नखं काढली, उरलेली वाक्यं म्हटली, एकही गाळलं नाही. पण आता ती म्हणेल त्या वाक्याला लोक हसत होते. परीक्षक बाईंनी दिवा पुन्हा लावला होता.

पडदा पडल्यावर मास्तर माझ्यावर धावून आले. मी म्हणालो, गुदगुल्या झाल्या, मी तरी काय करू. मास्तर आणखी काही बोलणार, तेवढ्यात ती मागून म्हणाली, ब्लेड माझ्याच हातून उलटं लागलं असेल, त्यांना बोलू नका. मास्तर गप्प बसले. मीही गप्प बसलो. तिथं एक वाक्य बोलायचं होतं, पण ते माझ्या संहितेत नव्हतं.

निकाल लागला. नाटक नेहमीप्रमाणं बाहेर पडलं. तिला काही मिळालं नाही. मला अभिनयाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. बक्षीस समारंभात एका परीक्षकांनी आवर्जून उल्लेख केला, की तांब्या प्रेक्षकांत पाडून आणि एका प्रेक्षकाकडून तो परत आणवून ह्या नटानं मृत्यूला थेट प्रेक्षकांच्या दारात नेण्याचा धाडसी प्रयोग केला. मी मान लवून ते स्वीकारलं. त्या सज्जनांचा पत्ता मला आजही माहीत नाही. नाहीतर अर्धं प्रमाणपत्र त्यांना द्यायला हवं होतं.

अत्ती समारंभाला आलीच नव्हती. यायची गरज नव्हती. ती हॉलमधूनच घरी जाताना सुनेला म्हणाली होती, बघितलं, झालं आता. दुसऱ्या दिवसापासून वहिनी संध्याकाळी गल्ल्यावर.

आणि मी काय केलं? मी किस्सा सांगायला लागलो. मेल्यावर गुदगुल्या झालेल्या नटाचा किस्सा. लग्नात, बारशात, विम्याचा हप्ता गोळा करताना, एकदा तर मलकापुरात एका खऱ्या मयताच्या बाराव्याला. मी तो उभा राहून, पाय पुढं करून सांगायचो. अंगठा हलवायचो आणि लोक हसायचे. वर्षागणिक तो सुधारत गेला. त्यात ‘बाईंचं ब्लेड’ असा एक भाग होता. तिथं मी तिच्या आवाजाची नक्कल करायचो. आजपर्यंतचा माझा सगळ्यात यशस्वी प्रयोग हाच आहे, आणि तो सगळा तिनं अंगावर घेतलेल्या दोषावर उभा होता. हे मला कळत नव्हतं, असं नाही. कळत होतं. किस्सा सांगून घरी आलो की पोटात काहीतरी जड बसायचं. मी त्याला जेवण म्हणायचो.

यंदा मास्तरांनी तेच नाटक पुन्हा काढायचं ठरवलं. वय झालंय, आता नवीन लिहून होत नाही म्हणाले. मयत मीच, कारण आता मला रंगभूषासुद्धा लागत नव्हती. बायकोच्या भूमिकेला एक कॉलेजातल्या बाई आणल्या. शिकलेल्या, उच्चार स्वच्छ, पण माझा पाय त्या मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा उचलायच्या. त्यांना हलकं वाटावं म्हणून मी सरावात माझा किस्सा सांगितला. सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मग त्या बाई आता कुठं काम करतात?” मी म्हणालो, दुकानात. त्या “अरेरे” म्हणाल्या आणि ब्लेड खाली ठेवून दिलं. दोन दिवसांनी त्यांनी येणंही सोडलं.

मास्तर मला म्हणाले, “ती लक्ष्मीपुरीची बाईच पायजे. तू जा. तुझी बाजू घेतली हुती तिनं, तुझं ऐकंल.”

त्या संध्याकाळी मी प्रथम बायकोला सांगितलं. बसवून, गंभीरपणे. की तो अंगठा मी मुद्दाम हलवला होता. ती मेथी निवडत होती. म्हणाली, मला माहीत आहे. मी विचारलं, कसं? म्हणाली, दिवाळीला तुमच्या तळपायाला तेल मीच चोळते. तुम्हाला गुदगुल्या होत नाहीत.

मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तिनं मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, सगळ्यांसमोर इतकं रंगून सांगत होतात, म्हटलं कधी थांबताय बघू.

माफी मागायची ठरल्यावर मी तिची तयारी केली. सुरुवात कशी करायची, कुठं थांबायचं, डोळ्यांत पाणी कुठल्या शब्दावर. आरशासमोर म्हणून बघितली. आतून बायको म्हणाली, आवाज जरा खाली घ्या, खालच्यांना वाटेल कुणीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो. गर्दी नव्हती. ती जोंधळा मापून पोत्यात ओतत होती. अत्ती आतल्या बाजूला बाजेवर बसली होती. आता थकली आहे, पण मला बघून “बर्री” म्हणाली, म्हणजे या. मी स्टुलावर बसलो. आधी सोपं बोललो. मास्तरांची तब्येत, नाटक पुन्हा काढतोय, तुम्ही यावं अशी मास्तरांची इच्छा आहे.

तिचा हात थांबला. तिच्या तोंडावर ते जुनं काहीतरी आलं आणि गेलं. तिनं आत बघितलं. अत्ती म्हणाली, “मला काय विचारतीस. एवढी वर्षं गल्ल्यावर बसून तोंड पाडून बसलीस. जा, कर जा.”

मग ती माझ्याकडं वळली. “मयत कोण हाय?”

“मीच.”

“मग न्हाय.”

मी का म्हणून विचारलं. मला माहीत असताना विचारलं. एजंटाची सवय, समोरच्यालाच बोलायला लावायचं. ती मापटं पोत्यावर ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पाय माझ्या हातात हुता, दादा,” ती म्हणाली. “गुदगुल्या झाल्यावर माणूस पाय वढून घेतंय. तुम्ही वढला न्हाय. नुसता अंगठा हलवला. आणि दोनदा हलवला.”

मी वर सांगितलं, ते पुन्हा एकदा वाचून बघा. तिथं मी अंगठा एकदाच हलवला आहे. इतक्या वर्षांनी, कबुली द्यायची म्हणून लिहायला बसल्यावरसुद्धा मी एकदाच हलवला. पण ती म्हणाली ते खरं आहे. पहिल्यांदा मी जळलो म्हणून हलवला. मग हॉल हसला, आणि ते हसणं इतकं गोड लागलं की मी पुन्हा हलवला. तिनं अंगठा दोन बोटांत धरला, तो तिसऱ्यांदा हलू नये म्हणून.

मी विचारलं, मग त्या वेळी माझी बाजू का घेतलीत.

“बक्षीस गेलं म्हणून बाई बोलती, असं म्हणाला असता तुम्ही सगळी. आणि अत्ती म्हणाली असती, नाटकातली माणसं असली असत्यात. मग एवढंबी बरं आठवायला राहिलं नसतं.” तिनं बाहेर रस्त्याकडं बघितलं. “तुम्ही येऊन सांगशीला असं वाटायचं. गल्लीच्या तोंडाला तुमची गाडी दिसली की वाटायचं, आलं. तुम्ही शेजारच्या दुकानात हप्ता घेऊन जायचा.”

मग मी घरून तयार केलेलं बोलायला लागलो. वहिनी, काही चुका अशा असतात, असं सुरू केलं. मग ठरल्याप्रमाणं थांबलो. मान खाली घातली. आवंढा गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

“ह्यात पण जागा घेताय व्हय?” ती म्हणाली.

आतून बाजेवरून अत्ती हसली. मग तीही हसली, तोंडाला पदर लावून. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्या मनासारखं न हसता, मला हसत होतं. मी हसलो नाही. मला जमलं नाही.

मी म्हणालो, मयत दुसरा बघतो, मास्तरांना सांगतो. मी येतच नाही नाटकात.

“येत न्हाय कशाला? पडदा ओढा की. तिथं हाललं तर चालतंय.” तिनं मापटं पुन्हा हातात घेतलं. “आणि काय म्हणायला आला हुता, ते म्हणा आता. साधं म्हणा. गिऱ्हाईक यायच्या आत.”

दुकानात दिवा नव्हता, टेबल नव्हतं, लिहिणारं कुणी नव्हतं. मी स्टुलावरून उठलो. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून तसेच लोंबकळत ठेवले. आणि एकही जागा न घेता म्हणालो,

“वहिनी, अंगठा मी मुद्दाम हलवला. दोनदा. तुमचं बक्षीस मी घालवलं, आणि वर लोकांना हसवत फिरलो. माझं चुकलं. मला माफ करा.”